चष्मा कुणाचा होता

साहित्यकृतीचा आस्वाद घ्यायचा तर वाचकाजवळ एकांत, संवेदनशील मन आणि आयुष्याचा खोल अनुभव या तीन गोष्टी असाव्या लागतात. हे वाक्य सरांचंच. पिवळ्या गाइडच्या प्रस्तावनेत, पान तीनवर, ते पंचवीस वर्षं जसंच्या तसं छापलं जात होतं. ज्या दिवशी सरांनी ते लिहिलं त्या दिवशी त्यांच्याजवळ या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती. होता तो फक्त प्रकाशक, समोरच्या खुर्चीत, पाय हलवत, कारण तिकडे छापखान्यात मशीन रिकामं उभं होतं. तेव्हा सर बत्तीस वर्षांचे होते, लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि वीस कथा व चोवीस कविता यांचं रसग्रहण त्यांनी अकरा दिवसांत उरकलं होतं. बाराव्या दिवशी त्यांना कणकण आली, ती मात्र खरी होती.

तेव्हापासून पोरं त्यांना सारांश सर म्हणत. तोंडावर नाही, पण जिन्यात मागून ऐकू येई, आणि सरांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे, कारण नावात निदान सर होतं. एखादी गोष्ट हातात आली की तिचं चिपाड करून चार वाक्यांत मांडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पद्धत साधी होती. गोष्टीत खिडकी आली की मुक्ती. जिना आला की प्रगती, उतरता असला तर अधोगती. आरसा म्हणजे आत्मशोध, दिवा म्हणजे आशा, विझलेला दिवा म्हणजे काय ते परीक्षकाला आपोआप कळतं. यात न बसणारं काही आलं, समजा एखादी बादली, तर ते 'वातावरणनिर्मिती' या मथळ्याखाली जाई. अशा रीतीने कुठलीच गोष्ट हातातून सुटत नसे, आणि कुठलीच हातात राहत नसे, पण हे दुसरं सरांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

त्या सोमवारी सकाळी त्यांचा एक बूट पायात होता आणि दुसरा हातात होता. बायको डबा भरत होती. डब्याचं झाकण लावता लावता, पाणी आलं का असं विचारावं त्या आवाजात, तिने विचारलं, "अहो, पण मग तो चष्मा कुणाचा होता?"

सरांनी विचारलं, कुठला. खरं तर कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी, लेक नोकरीसाठी परगावी गेल्यावर, बायकोने लग्नात अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायचं ठरवलं होतं. कॉलेजात न जाता, बाहेरून. एकेक करत सगळे विषय सुटले होते आणि साहित्याचा तेवढा राहिला होता, परीक्षा गुरुवारी. दरसाल हजारो पोरं ज्याच्यावर पार पडतात ते पिवळं गाइड घरात गठ्ठ्यांनी पडलेलं असताना तिने त्याला हात लावला नव्हता. आधी मला गोष्ट तर वाचू द्या, असं ती म्हणाली होती, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच सरांना जास्त लागलं होतं. पाठ्यपुस्तकात सहाव्या क्रमांकावर 'चष्मा' नावाची कथा आहे. नवरा ऑफिसातून घरी येतो. टेबलावर परका चष्मा. बायको काही बोलत नाही, नवरा काही विचारत नाही. दोघं जेवायला बसतात, नवऱ्याला घास उतरत नाही, आणि शेवटचं वाक्य: 'टेबलावर चष्मा होता. दोघांपैकी कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.' संपली. या शेवटावर सरांनी साडेतीन पानं लिहिली होती. 'चष्म्याचे मौन' हा शब्दप्रयोग त्यांचाच. परीक्षेत तो दर दोन वर्षांनी दहा गुणांना येई.

तेव्हा बूट हातातच धरून सरांनी सांगितलं की चष्मा कुणाचा हे लेखकाने मुद्दाम मोकळं ठेवलं आहे, तेच तर कथेचं मर्म आहे. बायकोने विचारलं, मुद्दाम म्हणजे त्यांना माहीत होतं आणि सांगितलं नाही? सर म्हणाले, तसं म्हणता येईल. तिने झाकण आणखी घट्ट दाबलं. मग म्हणाली, "जवळचा होता की लांबचा?"

ती अठरा वर्षं चष्म्याच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या काउंटरवर उभी असते. तिच्या दृष्टीने चष्मा म्हणजे दृष्टी नव्हे. चष्मा म्हणजे नंबर, फ्रेम, नाकावरचा व्रण आणि तयार होऊनही सहा महिने न नेलेली पाकिटं. ती म्हणाली की लांबचा चष्मा माणूस कुणाच्या घरी विसरत नाही, विसरला तर दारापर्यंत जातानाच धडपडेल. विसरतात तो जवळचा. म्हणजे आलेला माणूस चाळिशीच्या पुढचा, बारीक काहीतरी वाचायला त्याने खिशातून चष्मा काढला, वाचून झाल्यावर ठेवला आणि गेला. "मग त्या घरात वाचण्यासारखं बारीक होतं तरी काय, तेवढं मला कळलं नाही," असं म्हणून तिने डबा सरांच्या हातात दिला. त्या हातात आधीच बूट होता.

कॉलेजात पोचेपर्यंत सरांनी स्वतःशी तीन उत्तरं तयार केली आणि तिन्ही पिवळ्या गाइडमधलीच निघाली. पंचवीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. निदान तसं वाटत होतं. पण फाटकातून आत जाताना त्यांना आठवलं की बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीने वर्गात हात वर करून हेच विचारलं होतं, आणि आपण तिला 'खाली बस, तुझा प्रश्न चांगला आहे' असं म्हटलं होतं, आणि पुढच्या कवितेकडे वळलो होतो. मुलगी खाली बसली होती. चांगला प्रश्न विचारल्याबद्दल खाली बसवलेली माणसं नंतर काय करतात कोण जाणे. त्या दिवशी सरांनी वर्गात ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, चष्मा कुणाचा? साठ पोरांनी एका सुरात सांगितलं की ते महत्त्वाचं नाही. अगदी शब्दाला शब्द, पान एकशे बारा. त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहलाचा लवलेश नव्हता. सरांना क्षणभर असं वाटलं की ही सगळी त्यांचीच पोरं आहेत, नाकीडोळी त्यांच्यावर गेलेली, आणि ही काही फार मोठ्या अभिमानाची गोष्ट नव्हे.

वास्तविक सरांनी हा प्रश्न तिथेच सोडून द्यायला हरकत नव्हती. पण टेबलावरचा परका चष्मा म्हटलं की त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी उभं राही, आणि ते दाराआड उभं राही. लग्नाचं दुसरं वर्ष. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, समाईक गॅलरी, समोरच्या खोलीत एक ड्राफ्ट्समन राहायचा. कुरळे केस, शीळ घालायची सवय, आणि एक हिरवी सायकल जी खाली चोरीला जाईल म्हणून तो खांद्यावर घेऊन तीन जिने चढायचा. चढताना त्याच्या पोटऱ्या दिसायच्या. एका दुपारी डोकं दुखत होतं म्हणून सर लवकर घरी आले. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती, गुणगुणत होती. सरांनी दार लोटलं, आणि दाराआड पंप होता. हातभर लांब पत्र्याची नळी, लाकडी मूठ. त्यांच्या घरात सायकल नव्हती. सरांना सायकल येतही नव्हती. ते पंपाकडे बघत उभे राहिले. डोकं दुखायचं थांबलं, हे त्यांच्या चांगलं लक्षात राहिलं. मोठ्या दुःखाने लहान दुखणं जातं, असं पुढे त्यांनी एका कवितेच्या रसग्रहणात लिहिलंही.

ते बोलले नाहीत. आधी वाटलं ती आपणहून बोलेल. संध्याकाळी ती बोलली, पण भिंतीला आलेल्या ओलीबद्दल. दुसऱ्या दिवशी पंप तिथेच होता. आठवड्याने दाराआडून खाटेखाली गेला. मग विचारायची वेळ निघून गेली, जशी एखाद्याचं नाव विचारायची वेळ निघून जाते आणि मग वर्षानुवर्षं त्याला 'काय, कसं काय' म्हणत राहावं लागतं. पुढे ड्राफ्ट्समनची बदली झाली, सायकल गेली, पोटऱ्या गेल्या, पंप राहिला. सरांनी तीन घरं बदलली आणि तिन्ही वेळा बायकोने तो पंप स्वतःच्या हाताने जुन्या चादरीत गुंडाळून बरोबर घेतला. इतर सामानातली काचेची बरणी फुटली तरी तिने एवढी काळजी केली नव्हती. सर प्रत्येक वेळी टेंपोच्या मागे उभे राहून ते गाठोडं चढताना बघत आणि मनाशी म्हणत, मौन हीच प्रगल्भता. हेही वाक्य पुढे छापलं गेलं. आपलं वैवाहिक जीवन म्हणजे एक उच्च दर्जाची, संयत, सूचक कथा आहे, असं त्यांना मनातून वाटे, आणि एक प्रकारचं समाधानही मिळे. बायको मात्र त्या कथेत असल्यासारखी वागत नसे. ती पोटभर जेवायची, आडवी झाली की झोपायची, सिनेमात मोठ्याने हसायची. सरांनी याचा अर्थ 'वरवरची प्रसन्नता' असा लावला होता.

आणि आज सकाळी तिने विचारलं होतं, चष्मा कुणाचा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या वस्तूच्या इतक्या जवळ आली होती. सरांना वाटलं, हा प्रश्न गोष्टीबद्दल नाही. ती काहीतरी सुचवते आहे. मग वाटलं, नाही, गुरुवारी पेपर आहे म्हणून विचारते आहे. दोन्ही अर्थ सारखेच लागू पडत होते, आणि एकाच ओळीचे दोन अर्थ लागत असतील तर दोन्ही लिहावेत, पूर्ण गुण मिळतात, असं ते पोरांना सांगत. घरात असं चालत नाही. घरात एकच काहीतरी लिहावं लागतं.

म्हणून मधल्या सुट्टीत ते लायब्ररीत गेले. कथेची मूळ प्रत बघू, कुठे ओझरता उल्लेख सापडला तर सापडला, एवढाच हेतू. कथालेखक वारून चाळीस वर्षं झाली होती आणि त्याचा एकुलता एक संग्रह पुन्हा छापला गेला नव्हता. कपाटात 'चष्मा'वरची आठ गाइडं होती, त्यांतली पाच सरांच्या गाइडवरून उतरवलेली, आणि एक सरांच्या गाइडवर टीका करणारं, तेही सरांनीच टोपणनावाने लिहिलेलं. मूळ संग्रह नव्हता. ग्रंथपालबाईंनी जुनं रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि रजिस्टर सरांकडे वळवलं. त्याही सरांच्या विद्यार्थिनी. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, ते तुमच्याच नावावर आहे. सव्वीस वर्षं."

घरी आल्यावर सरांनी शिडी लावली. माळ्यावर तीन पत्र्याच्या पेट्या होत्या. पहिलीत लेकीचे लहानपणचे कपडे, दुसरीत जुनी गाइडं, तिसरीच्या वर चादरीतलं गाठोडं. ते बाजूला करताना नळीचा गार स्पर्श चादरीतूनही बोटांना कळला, आणि सरांनी हात असा मागे घेतला की शिडी हलली. पेटीच्या तळाशी, एका बाजूने उंदराने आस्वाद घेतलेला, तो संग्रह होता. आत लायब्ररीचा शिक्का. सर माळ्यावरच, अर्धे आत अर्धे शिडीवर, 'चष्मा' वाचायला लागले. पंचवीस वर्षं ज्या कथेवर जगलो ती आपण नेमकी कधी वाचली होती, हे त्यांना आठवेना. जिन्याचं वर्णन आलं. जेवण आलं. नवऱ्याला घास उतरत नाही. टेबलावर चष्मा होता. दोघांपैकी कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. आणि पुढे अजून दीड पान होतं.

त्या दीड पानाभोवती पेन्सिलने चौकट काढलेली होती. समासात एकच शब्द होता, 'वगळा', आणि अक्षर सरांचं होतं.

मग सगळंच आठवलं, जसं एखाद्या नातलगाच्या लग्नात आपण काय बोलून गेलो ते दोन दिवसांनी आठवतं. पाठ्यपुस्तकाचं मंडळ. सर त्यात सगळ्यांत धाकटे. म्हातारे सभासद अभिरुचीवर बोलत आणि कात्री सरांच्या हातात देत: एका कथेला पाच पानं, त्याच्यावर ओळ नको. 'चष्मा' साडेसहा पानांची होती. दीड पान कमी करायचं होतं. सरांनी शेवट कापला, कारण शेवट कापायला सोपा असतो, शिवण दिसत नाही. वर्षभराने प्रकाशक गाइड मागायला आला तेव्हा सरांसमोर पाठ्यपुस्तक होतं, मूळ पुस्तक पेटीत होतं, आणि कथेचा शेवट इतका विलक्षण मोकळा होता की सर भारावून गेले. लेखकाच्या या धाडसी मौनाबद्दल त्यांनी साडेतीन पानं लिहिली. धाडस कुणाचं, हे त्यांनी बघितलं नव्हतं.

आता बघितलं. चष्मा मीटर वाचणाऱ्याचा होता. तो दुपारी आला, जिन्याखालच्या अंधारात मीटर दिसेना म्हणून त्याने जवळचा चष्मा लावला, आकडा टिपला, आत येऊन पाणी प्यायला, चष्मा टेबलावर ठेवला आणि तसाच गेला. पुढच्या बावीस घरांची मीटरं त्याने डोळे बारीक करून अंदाजाने वाचली. एका विधवेच्या घरात एक दिवा होता. तिने महिन्याभरात थिएटर चालवलं असं कागदावर आलं. एका कारखानदाराच्या घरात त्याच महिन्यात काळोख होता. अख्खी गल्ली त्याला शोधायला निघाली, आणि तो चष्मा शोधायला निघाला होता, आणि दोघांची गाठ नेमकी या नवऱ्याच्या दारात पडली, जो रात्रभर उपाशी आणि संशयाने पिवळा पडलेला होता. नवऱ्याने चष्मा दिला आणि आत जाऊन दोन माणसांचं जेवला. शेवटचं वाक्य मीटरवाल्याचं होतं: 'तुमचं मीटर तेवढं मी बरोबर वाचलंय बघा.'

सर हसले. शिडी हलली तरी हसले. एखादी गोष्ट वाचून आपण शेवटचे कधी हसलो होतो, हे त्यांना आठवेना. ही कथा विनोदी होती. लेखक विनोदी होता, बिचारा. त्याच्या कथेतून सरांनी दीड पान काढलं आणि गंभीर साहित्य तयार केलं. एका अर्थाने आयुष्यात त्यांनी केलेली ही एकमेव निर्मिती. तरुणपणी त्यांना लेखक व्हायचं होतं. झाले होते, फक्त ते दुसऱ्याच्या नावावर लागलं होतं. मग हसू ओसरलं आणि एक वाक्य डोक्यात नको तिथे रुतून बसलं: जिन्याचं वर्णन पावणेदोन पानांचं होतं. जिना कापता आला असता. जिन्यावाचून कुणाचं काही अडलं नसतं. जिना ठेवून उत्तर का कापलं? त्या वर्षी पंप दाराआड येऊन सहा महिने झाले होते. सरांनी पुस्तक मिटलं आणि गाठोड्याकडे न बघता खाली उतरले.

मंगळवारी त्यांनी प्रकाशकाला फोन केला. पंचविसाव्या वर्षानिमित्त गाइडची खास आवृत्ती निघत होती, आणि 'चष्म्याचे मौन' हे प्रकरण वाढवून सात पानांचं करायचं ठरलं होतं. सरांनी खरं काय ते सांगितलं. प्रकाशकाने शांतपणे ऐकून घेतलं. तो अशा वेळी नेहमी शांत असतो. मग म्हणाला की सर, तुम्ही म्हणता ते खरं असेलच, पण या कथेवर सहा जणांची पीएचडी झाली आहे, त्यातले दोघं आता पेपर काढतात आणि बाकीचे तपासतात. एका मीटरवाल्यासाठी एवढ्या माणसांचं नुकसान कशाला? शिवाय मुखपृष्ठावर चष्मा टाकलाय, सोनेरी. सरांनी फोन ठेवला. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

बुधवारी दुपारी ते चष्म्याच्या दुकानात गेले. बायको तिथे अठरा वर्षं होती आणि सर अठरा वर्षांत चौथ्यांदा जात होते. मालक जेवायला गेला होता. काउंटरवर पाठ्यपुस्तक उघडं, त्यावर दाब म्हणून फ्रेमचं खोकं. तिने वर बघितलं आणि काही विचारायच्या आत त्यांना तपासणीच्या खुर्चीवर बसवलं, आलाच आहात तर डोळे बघून घेऊ म्हणाली, गेल्या वर्षीपासून पेपर किती लांब धरता ते मी बघते आहे. डावा डोळा झाकला. समोरच्या पाटीवर अक्षरं खाली खाली बारीक होत गेली होती. वरच्या चार ओळी सरांनी सहज वाचल्या. पाचवी वाचली. सहावीत जरा धूसर झालं तेव्हा त्यांनी वरच्या ओळींचा एकंदर रोख लक्षात घेतला आणि सहावी खड्या आवाजात म्हणून दाखवली. बायको पाटीकडे बघत राहिली. मग तिने, रोज दहादा म्हणावं लागतं त्या सुरात, सांगितलं, "अंदाज नको. दिसेल तेवढंच सांगा."

सरांनी एक डोळा झाकलेला असतानाच सगळं सांगितलं. दीड पान, पेन्सिल, मीटरवाला, विधवा, मंडळ, कात्री. डोळा झाकलेला असला की बोलायला सोपं जातं असं त्यांना आढळलं. पुस्तक पिशवीतून आणलं होतं. तिने तिथेच उभ्याने ते दीड पान वाचलं. थिएटरच्या वाक्याला ती फस्सकन हसली, मग पुढेही हसत राहिली, डोळे पुसले, आणि सरांना जाणवलं की अठ्ठावीस वर्षांत आपण दिलेलं काही वाचून ती पहिल्यांदा हसते आहे. तिने सगळ्यात आधी विचारलं ते हे, की मग त्या विधवेचं मीटर परत वाचलं का. सर म्हणाले, हो, तसं सूचित केलंय. मग ठीक, असं ती म्हणाली. जवळचाच होता ना, असंही म्हणाली, आणि त्यात फुशारकी नव्हती. दुकानात बरोबर नंबर निघाल्यावर असतं तेवढं समाधान होतं.

मग तिने विचारलं, उद्या प्रश्न आला तर काय लिहू? सर म्हणाले, पिवळ्या गाइडमधलं लिही, दहापैकी आठ कुठे गेले नाहीत. आणि खरं लिहिलं तर? ते तपासणाऱ्यावर आहे. तपासणारे कुणाचं गाइड वापरतात? सरांनी झाकलेला डोळा उघडला. माझंच, म्हणाले. ती विचारात पडली. पेपरातल्या व्याकरणाच्या भागात आपलं फार बरं नाही, हे तिला माहीत होतं. या दहा गुणांवर पदवी अडकू शकत होती, आणि ही पदवी तिला कशासाठी हवी होती हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सरांनी 'स्वत्वाचा शोध' असं धरलं होतं. आता पहिल्यांदा त्यांनी विचारलं, तुला कशाला हवी आहे गं पदवी? ती म्हणाली, मालक दुसरं दुकान काढतो आहे, तिथे मॅनेजर पदवीधर लागतो. पाठ्यपुस्तक पुढ्यात होतं, दुकान रिकामं होतं, ती बोलत होती. पंपाबद्दल विचारायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. शब्द जिभेवर आले. तेवढ्यात मालक दात कोरत आत आला आणि सरांना म्हणाला, वा, कविराज.

गुरुवारी प्रश्न आला. 'चष्मा या प्रतीकातून लेखकाने साधलेले मौन स्पष्ट करा. गुण दहा.' तिने काय लिहिलं ते सरांनी विचारलं नाही. ती घरी येऊन आडवी झाली आणि झोपली. खास आवृत्ती निघाली, सोनेरी चष्म्यासह. दोन महिने सरांनी वर्गात 'चष्मा' शिकवला नाही. दुसऱ्या एका कवितेकडे वळले, आणि एका मुलाने त्यातली बादली कशासाठी आहे असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, पाण्यासाठी असावी. पोरांनी ते लिहून घेतलं.

निकाल लागला. बायको उत्तीर्ण झाली, काठावर, पस्तीसला सदतीस. तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली, कारण दुकानात प्रत्येक चष्मा तपासून घ्यायची तिला सवय होती. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर ती पानं पसरली. प्रश्न सहा: पहिलंच वाक्य, 'चष्मा मीटर वाचणाऱ्याचा होता.' खाली जिन्याखालचा अंधार, जवळचा नंबर, बावीस घरं, विधवेचा एक दिवा, दीड पान स्वच्छ अक्षरात. समासात लाल शाईने शून्य, आणि त्याखाली परीक्षकाचा शेरा: 'मूळ कथा काळजीपूर्वक वाचावी.' अक्षर सरांच्या ओळखीचं होतं. सहा पीएचड्यांपैकी तिसरी, मार्गदर्शक सरच.

बायको शेऱ्यावरून बोट फिरवून हसली. तिला दुकान मिळणार होतं, तिला शून्याचं काही वाटत नव्हतं. सरांना वाटत होतं. ते शून्य त्यांचं होतं, त्यांनीच पंचवीस वर्षं खपून तयार केलेलं, गोल, निर्दोष. त्यांनी पुन्हा तिच्या अक्षराकडे पाहिलं. चष्मा मीटर वाचणाऱ्याचा होता. किती सोपं वाक्य. कर्ता, क्रियापद, काहीही शोधायला नको. विचारलं, कळलं, लिहिलं. आपल्या तोंडून आयुष्यात असं वाक्य निघालेलं नाही. माळ्याच्या झडपेकडे त्यांचं लक्ष गेलं. कानात कुठूनशी शीळ आल्यासारखी झाली, आणि सव्वीस वर्षं, तीन घरं, एक हिरवी सायकल आणि दोन पोटऱ्या ओलांडून सरांनी विचारलं, "तो पंप कुणाचा आहे गं?"

बायकोने कुठला पंप असं विचारलं. सर म्हणाले, सायकलचा, चादरीतला. ती त्यांच्याकडे बघत राहिली, सहावी ओळ ऐकताना पाटीकडे बघत होती तशी.

"सायकलचा कुठला," ती म्हणाली. "ढेकणांच्या औषधाचा आहे तो. पुढचा डबा गळायला लागला म्हणून मी काढून टाकला. नवा बसवू म्हणून ठेवलाय, विषाचा म्हणून गुंडाळून. घरमालकाने त्या वर्षी सगळ्याच खोल्यांना एकेक दिला होता."